गोळीआधीची चाचणी

४४ पैकी ४४. कार्बामाझेपिन या फिट्सवरच्या गोळीने अंगाची कातडी सोलवटलेल्या तैवानमधल्या ४४ रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा प्रत्येकात एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार सापडला. तीच गोळी पचवणाऱ्या १०१ जणांत तो फक्त तिघांत होता. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असं या विकाराचं नाव. त्याच्या सर्वांत उग्र रूपात दहांतले साधारण तिघे दगावतात.

सिंगापूरने हे मनावर घेतलं. आशियाई वंशाच्या नव्या रुग्णाला ही गोळी देण्याआधी चाचणी करावी, अशी शिफारस तिथे एप्रिल २०१३ मध्ये झाली, सोबत सरकारी अनुदानही आलं. पुढच्या वर्षांत या गोळीमुळे झालेल्या अशा विकाराच्या नोंदी सुमारे ९२ टक्क्यांनी घटल्या.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी तर ही चाचणी फार मोलाची. एरवी फिट्सचा आजार शंभरात जेमतेम एकाला असतो, त्यांच्यात साधारण पाचांतल्या एकाला. गोळी सुरू केल्यावरचे पहिले दोन-तीन महिने या विकाराच्या धोक्याचे. आधी ताप येतो, डोळे चुरचुरतात, तोंड येतं, घास गिळवत नाही. ज्याला हे सांगता येत नाही तो ताट ढकलतो, आणि घरच्यांना वाटतं, हट्ट चाललाय. अंगावर पुरळ उठेपर्यंत मोलाचे दिवस निघून जातात.

खर्चाचाही हिशोब झाला. सिंगापूरविषयीच्या २०१२ च्या अभ्यासानुसार या चाचणीतून आयुष्याचं एक सुदृढ वर्ष मिळवायला मलय रुग्णांच्या बाबतीत ७,९३० अमेरिकी डॉलर लागतात, चिनी रुग्णांच्या बाबतीत ३७,०३० आणि भारतीयांच्या बाबतीत १,३६,६३०, कारण आपल्यात हा जनुकप्रकार कमी आढळतो. तरीही शिफारशीतून भारतीयांना वगळलं नाही, हे मला फार योग्य वाटतं. २००९ च्या एका भारतीय अभ्यासात या गोळीने आजारी पडलेल्या ८ पैकी ६ जणांत तोच जनुकप्रकार निघाला होता.

ही चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे गोळी मानवेलच असं मात्र नाही. ड्रावे सिंड्रोममध्ये, म्हणजे बहुतेकदा एससीएन१ए जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या आजारात, कार्बामाझेपिनने फिट्स उलट वाढतात. तो दोष शोधायला वेगळी, मोठी चाचणी लागते. फिट्सच्या रुग्णांची अशी मोठी, म्हणजे एक्झोम चाचणी केली तर साधारण चौघांतल्या एकाला कारण सापडतं. ही सोय नव्हती तेव्हा लहान असलेले आज तिशी-चाळिशीत आहेत. कित्येकांच्या फायलीत कारणाची जागा कोरीच आहे, आणि गोळी चालू आहे. पुढच्या तपासणीला जाताना ती फाईल घेऊन जा आणि डॉक्टरांना या मोठ्या चाचणीबद्दल विचारा.