मिरचीचा रंग, मोबाइलचा उजेड

नंदुरबारच्या बाजार समितीत हंगामात ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर पथाऱ्या पसरतात. नजर जाईल तिथवर लाल मिरची उन्हात वाळत असते. देठ खुडणाऱ्या बायाबापड्यांचे हात दिवसभर थांबत नाहीत. व्यापारी मूठभर मिरची उचलतो, तेव्हा त्याची नजर आधी रंगावर जाते. रंग उतरला की भाव उतरला. भावाची चौकशी करायला तोच व्यापारी खिशातून मोबाइल काढतो. पडदा ओएलईडी जातीचा, म्हणजे कार्बनी रेणूंतून उजेड देणारा असेल, तर त्यातून येणारा उजेड आणि मुठीतल्या मिरचीचा लाल रंग यांच्या मुळाशी कार्बनची एकच करामत असते. कार्बनी अर्धवाहक (सेमीकंडक्टर) हे आजच्या इलेक्ट्रॉनिक्सचं एक मोठं दालन आहे. त्यात शिरायला नंदुरबारच्या माणसाला मिरचीइतकी चांगली वाट दुसरी नाही.

रंग येतो कुठून?

पिकलेल्या लाल मिरचीतल्या मुख्य रंगद्रव्याचं नाव कॅप्सॅन्थिन. हंगेरीत लास्लो झेखमायस्टर आणि चोल्नोकी या रसायनशास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये तिथल्या पाप्रिका मिरचीच्या रंगावरचं संशोधन प्रसिद्ध केलं आणि हे नाव रसायनशास्त्रात रुजलं. या रेणूत ४० कार्बन, ५६ हायड्रोजन आणि ३ ऑक्सिजन अणू असतात. त्याचा कणा म्हणजे कार्बनची लांब साखळी. तिच्यात एक बंध दुहेरी, पुढचा एकेरी, पुन्हा दुहेरी, असा एकाआड एक क्रम असतो. कार्बन-कार्बनमधले दहा दुहेरी बंध आणि टोकाशी कार्बन-ऑक्सिजनचा अकरावा.

सगळी गंमत या क्रमात आहे. दुहेरी बंधातली एक इलेक्ट्रॉन-जोडी तुलनेने सैल असते. दुहेरी बंध एकाआड एक आले की हे सैल इलेक्ट्रॉन एखाद्या अणूला बांधलेले राहत नाहीत, सगळ्या साखळीभर पसरतात. साखळी जितकी लांब, तितकी त्यांना वरच्या पातळीवर जायला कमी ऊर्जा पुरते. दोन-तीन दुहेरी बंधांचा रेणू फक्त अतिनील किरण शोषतो, म्हणून आपल्याला तो रंगहीन दिसतो. अकरा बंध जुळले की निळा-हिरवा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला तांबडा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. मसाल्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात मिरचीचा रंग 'अस्टा' या मापात सांगतात. मिरचीपूड अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून त्या द्रावणात ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश किती अडतो, ते त्यात मोजलं जातं. हा निळा आकडा लक्षात ठेवावा. मोबाइलच्या पडद्यातला निळा ठिपका साधारण याच तरंगलांबीचा असतो.

प्लास्टिकमधून वीज

कॅप्सॅन्थिनची साखळी, बाजूचे फुटवे सोडून, न संपता पुढे वाढतच गेली तर जे हाती येईल, ते पॉलिअ‍ॅसिटिलीन. जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एकदा त्याच्या रासायनिक क्रियेत उत्प्रेरक हजार पट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी पापुद्रा तयार झाला. पुढे शिराकावा, अमेरिकेतले अ‍ॅलन मॅकडिआर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांनी १९७७ मध्ये त्या पापुद्र्यावर आयोडिनची वाफ सोडली. त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता जवळपास एक कोटी पटींनी वाढली.

घडलं ते असं. आयोडिनने साखळीतले काही इलेक्ट्रॉन काढून घेतले. मागे जागा रिकाम्या झाल्या, त्यांना भौतिकशास्त्रात पोकळ्या म्हणतात. शेजारचा इलेक्ट्रॉन पोकळीत सरकतो, त्याची जागा रिकामी होते, आणि पोकळी पुढे सरकत जाते. तोच विजेचा प्रवाह. वायरीवरचं प्लास्टिक आपण विजेपासून वाचायला वापरतो, कारण त्यातले इलेक्ट्रॉन पक्के अडकलेले असतात. एकाआड एक बंधांच्या प्लास्टिकात ते मोकळे होऊ शकतात, हे या तिघांनी दाखवलं. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

मिरची चमकत नाही, हळद चमकते

वीज वाहिली म्हणून उजेड पडतोच असं नाही. हे घरी करून बघता येतं. दोन काचेच्या बाटल्यांत थोडं सर्जिकल स्पिरिट घ्यावं. एकीत चिमूटभर मिरचीपूड टाकावी, दुसरीत चिमूटभर हळद, आणि गाळ खाली बसू द्यावा. मग अंधाऱ्या खोलीत दोन्ही बाटल्यांवर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च धरावा. हळदीचं द्रावण पिवळं-हिरवं चमकून उठतं. मिरचीचं लाल द्रावण निस्तेजच राहतं. स्पिरिटजवळ ज्योत आणू नये आणि टॉर्च डोळ्यांवर मारू नये, एवढी काळजी पुरेशी आहे.

दोन्ही रेणूंत एकाआड एक दुहेरी बंध आहेत. दोन्ही प्रकाश शोषतात, दोन्हींतले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात. फरक पडतो तो खाली उतरताना. कॅप्सॅन्थिनच्या लवचीक साखळीत ती ऊर्जा सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागांच्या हिशेबात, म्हणजे प्रकाशाला बाहेर पडायची संधीच न देता, रेणूच्या थरथरीत मुरते आणि तिची उष्णता होते. हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये तिचा काही भाग प्रकाश बनून बाहेर येतो. पडद्यासाठी रेणू निवडणारा रसायनशास्त्रज्ञ हाच फरक शोधत असतो. कार्बनच्या बंद कड्यांनी बांधलेला, फारसा न डुलणारा, घेतलेली ऊर्जा प्रकाशातच परत करणारा रेणू त्याला हवा असतो.

टॉर्चऐवजी बॅटरी

पडद्यात अशा रेणूला टॉर्चऐवजी विजेने चेतवतात. न्यूयॉर्कमध्ये मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अँथ्रासीनच्या स्फटिकातून असा उजेड मिळवला, पण त्याला ४०० व्होल्टच्या आसपास दाब लागला. घरात वापरायच्या वस्तूसाठी तो कामाचा नव्हता. अडचण सोडवली ती ईस्टमन कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी, १९८७ मध्ये. त्यांनी दोन कार्बनी थर एकावर एक दिले. एक थर पोकळ्या चांगल्या वाहून नेणारा, दुसरा इलेक्ट्रॉन नेणारा आणि हिरवा चमकणारा. दोन्ही मिळून जाडी सुमारे १३५ नॅनोमीटर. आता १० व्होल्टपेक्षा कमी दाबात लख्ख हिरवा उजेड पडू लागला. १९९० मध्ये केंब्रिजच्या रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने हेच पॉलिमरच्या एका थरात करून दाखवलं.

थर इतका पातळ का, याचं उत्तर या पदार्थांच्या स्वभावात आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंची रचना एकसलग असल्याने इलेक्ट्रॉन विनाअडथळा धावतो. कार्बनी थरात प्रत्येक रेणू सुटा असतो. सातपुड्यातला ओढा ओलांडताना माणूस जसा दगडावरून दगडावर उडी घेतो, तसा इलेक्ट्रॉन रेणूवरून रेणूवर जातो. त्यामुळे त्याची चाल सिलिकॉनमधल्यापेक्षा लाखो पटींनी मंद असते. म्हणून अंतरच कमी ठेवायचं. काही व्होल्टचा दाब इतक्या पातळ थरावर लावला की मीटरमागे काही कोटी व्होल्ट इतक्या तीव्रतेचं विद्युत क्षेत्र तयार होतं आणि मंद इलेक्ट्रॉनही वेळेत पोचतो.

एका बाजूने इलेक्ट्रॉन येतो, दुसरीकडून पोकळी. दोघांची एकाच रेणूवर गाठ पडली की एक्सायटॉन नावाची जोडी बनते आणि ती मोडताना प्रकाश निघतो. पण इलेक्ट्रॉनच्या फिरकीच्या नियमामुळे अशा १०० जोड्यांपैकी सरासरी २५च साध्या कार्बनी रेणूत प्रकाश देऊ शकतात. बाकी ७५ वाया जातात. १९९८ पासून स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी रेणूच्या मधोमध प्लॅटिनम, पुढे इरिडियमसारखा जड अणू बसवला. त्याने हा नियम सैल झाला आणि त्या ७५ जोड्याही कामी आल्या. आज पडद्यातले लाल आणि हिरवे ठिपके याच युक्तीवर चालतात.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एल. नरसिंहन आणि एन. पेरियासामी यांनी टँग यांच्याच हिरव्या पदार्थाच्या प्रकाशाचा अभ्यास केला. नागपुरात एस. जे. ढोबळे आणि एन. थेजो कल्याणी यांनी लाल उजेडासाठी युरोपियमची कार्बनी संयुगं तयार केली, तपासली.

हवा, पाणी आणि निळा

पथारीवरची मिरची जास्त दिवस उन्हात राहिली की फिकट पडते. प्रकाशाच्या साथीने हवेतला ऑक्सिजन दुहेरी बंधांवर हल्ला करतो, साखळी तुटते, रंग जातो. पडद्यातल्या रेणूंनाही हेच भय. त्यात पाण्याची वाफ थरांना वीज पोचवणाऱ्या धातूच्या पट्टीला खाते आणि पडद्यावर काळे डाग वाढत जातात. म्हणून पडद्याचं आवरण फार कडक लागतं. एका चौरस मीटरमधून दिवसाला एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतकीच वाफ आत जावी, असं उद्दिष्ट धरतात.

सगळ्यात नाजूक असतो निळा ठिपका. ४६० नॅनोमीटरच्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. रेणूतले कच्चे बंध तोडायला साधारण तीन लागतात. दोन एक्सायटॉन एकमेकांवर आदळले की दोघांची ऊर्जा एकाच रेणूवर पडते आणि बंध तुटतो. जड अणूच्या रेणूत एक्सायटॉन जास्त काळ टिकतात, म्हणून तिथे अशा टकरी वाढतात. त्यामुळेच बहुतेक पडद्यांत निळ्यासाठी अजून जुनाच, निम्म्याहून अधिक जोड्या वाया घालवणारा मार्ग वापरावा लागतो. ग्राहकाने यातून एक साधी गोष्ट घ्यावी. या पडद्यात काळा भाग म्हणजे बंद ठिपका. पार्श्वभूमी काळी ठेवली की बॅटरी वाचते आणि निळ्याचं आयुष्यही वाढतं.

सेमीकंडक्टर म्हटलं की आपल्याला अब्जावधींचे कारखाने आणि सिलिकॉन आठवतं. पडदा बनवायला निर्वात कक्ष आणि स्वच्छ खोल्या इथेही लागतातच. पण पडद्यातला रेणू आधी घडतो तो चंबूत, रसायनशास्त्राच्या साध्या बाकावर. अशी बाकं नंदुरबार-शहाद्याच्या महाविद्यालयांत आहेत, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आहेत. आपल्या शाळांत मात्र एकेरी-दुहेरी बंध फळ्यावर काढून, पाठ करून, परीक्षेत लिहून संपतात. शिक्षकांनी त्या तासाला मिरची आणि हळदीच्या दोन बाटल्या वर्गात आणाव्यात. धडगावच्या आश्रमशाळेतही हा खर्च परवडेल. टिकाऊ निळा रेणू जगाला अजून हवा आहे, आणि तो शोधायला लागणाऱ्या शास्त्राचा पहिला धडा आपल्याच पुस्तकात आहे.