संगणकाची राखीव ठेव

'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाच्या दुसऱ्या भागांत संगणक प्रतिपक्षी होऊन खेळूं लागला म्हणजे त्यास स्वतःची बुद्धि असावी असा भास होतो. १९९९ सालीं निघालेल्या या खेळांत अन्न, लांकूड, सोनें व दगड मिळवून राज्य वाढवावयाचें असतें. परंतु संगणकानें कोणत्या वस्तूवर शेंकडा किती माणसें लावावीं व मिळकतीपैकीं किती राखून ठेवावें, हें एका साध्या लेखी फाइलींत मनुष्यानेंच लिहिलेलें असतें. जिज्ञासु विद्यार्थ्यास ती बदलतां येते.

माणसांची वांटणी समजण्यास सोपी आहे. खरी गोम राखीव ठेवीची. तीस तेथें 'एस्क्रो' म्हणतात. चंद्रपूर व गडचिरोलीकडील तेंदूपानें तोडणारीं कुटुंबें ती सहज ओळखतील. उन्हाळ्यांत पानांचे पैसे आले कीं त्यांतून बाजारहि चालवावयाचा आणि धानाच्या रोवणीकरितां कांहीं बांधूनहि ठेवावयाचें.

तिसऱ्या युगांत जाण्यास ८०० अन्न व २०० सोनें लागतें; एक गांवकरी निर्माण करण्यास ५० अन्न पडतें. अन्नाची ठेव शेंकडा ८० ठेविली, तर १,००० अन्न मिळतांच ८०० सांठतें खरें, परंतु उरलेल्या २०० मध्यें चारच गांवकरी होतात आणि राज्य रोडावतें. ती ३० ठेविली, तर ३७ गांवकरी होतात. मात्र ८०० सांठण्यास सुमारें २,६६७ अन्न मिळवावें लागतें व तोंवर शत्रु पुढें निघून जातो. सोन्याची ठेव शून्यच ठेविली तर आणखी मौज! एकेका तिरंदाजावर ४५ सोनें उडत राहतें आणि अन्न कोठारांत नुसतें पडून राहतें.

नित्याच्या खर्चाच्या नियमांस ही ठेव दिसतच नाहीं. घरांत कोणी आजारी पडलें तर रोवणीचे पैसे मोडावे, हें आईस कोणी लिहून द्यावें लागत नाहीं. संगणकास तेंहि लिहून द्यावें लागतें. 'गांवावर हल्ला झाल्यास ठेव मोकळी करावी' हा नियम नसेल, तर ८०० अन्न उराशीं धरून तो आपले गांवकरी मरूं देतो. आपण त्यास मूर्ख म्हणून हंसतो, परंतु दोष लिहिणाराचा असतो. आणि हल्ल्याच्या वेळीं ठेवीचें प्रमाण शून्यावर आणिलें असेल, तर शत्रु परतल्यावर तें पुन्हां ३० करणारा निराळा नियमहि हवा. नाहींतर तें अखेरपर्यंत शून्यच राहतें.