निळ्या कोटातला ससा

सप्टेंबर १८९३. आजारी पडलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाला स्कॉटलंडहून पत्र आलं. काय लिहावं ते सुचेना, म्हणून बिॲट्रिक्स पॉटर या इंग्लिश चित्रकर्तीने त्याला चार सशांची गोष्ट चित्रांसह लिहून पाठवली. पीटर रॅबिटचा जन्म हा असा झाला.

प्रकाशकांनी गोष्ट नाकारली. बिॲट्रिक्सने हार न मानता डिसेंबर १९०१मध्ये पदरच्या पैशाने २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत आवृत्ती काढली. पुस्तक लहानग्यांच्या हातात मावेल एवढंच असावं, हा तिचा आग्रह होता आणि तो किती योग्य होता!

तिची चित्रं नीट पाहावीत. पितळी बटणांचा निळा कोट घातलेला पीटर जाळीत अडकतो, तेव्हाही त्याचे कान, पाय, अंगाची ठेवण अस्सल सशाचीच असते. लहानपणापासून तिने घरी ससे पाळले, त्यांची तासन्‌तास रेखाटनं केली. अळंब्यांचाही तिचा अभ्यास एवढा सखोल होता की १८९७मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत तिचा निबंध मांडला गेला. पण तिथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून तो दुसऱ्यानेच मांडला. हे वाचताना आजही जीव हळहळतो.

१९०५मध्ये वॉर्न कंपनीतला तिचा संपादक नॉर्मन वॉर्न याच्याशी तिचं लग्न ठरलं आणि महिन्याभरातच तो वारला. त्याच वर्षी तिने लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिल टॉप हे शेत घेतलं. पुढे ती हर्डविक मेंढ्या पाळणारी पक्की शेतकरीण झाली. १९४३मध्ये ती गेली, तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या नावे करून गेली.