परक्या देशांतील संसार : जर्मनींत राहणारें एक अमेरिकन दांपत्य

परदेशचें जीवन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें विमानें, उंच इमारती आणि बर्फाच्छादित शिखरें उभीं राहतात. परंतु संसार शिखरावर होत नाहीं. तो जिन्यांत, कचऱ्याच्या डब्यापाशीं, वाण्याच्या दुकानांत आणि दवाखान्याच्या बाकावर होतो. आज अशाच एका संसाराची ओळख मी आपणांस करून देणार आहें. नवरा-बायको अमेरिकन आणि बिऱ्हाड जर्मनींत. हें जोडपें मीं केवळ विवेचनाच्या सोयीसाठीं कल्पिलें आहे. मात्र त्यांच्यावर येणारे प्रसंग कल्पित नाहींत. तेथील कायदे व चालीरीती यांमुळें अशा कोणत्याही जोडप्यावर ते यावयाचेच.

अमेरिकन माणूस जर्मनीला नवा नाहीं. १९४५ सालीं महायुद्ध संपलें तेव्हां जर्मनीच्या दक्षिण भागांत अमेरिकन सैन्याचा तळ पडला आणि १९४६ पासून सैनिकांचीं बायकामुलेंही तेथें येऊं लागलीं. त्यांच्यासाठीं छावण्यांतून स्वतंत्र शाळा, दुकानें, चित्रपटगृहें उभीं राहिलीं. त्यामुळें कित्येक कुटुंबें वर्षानुवर्षें जर्मनींत राहूनही खऱ्या अर्थानें जर्मनींत राहिलीं नाहींत. आपलें दांपत्य मात्र छावणीबाहेरचें आहे. पति स्टुटगार्ट शहरांत एका कारखान्यांत इंजिनियर. पत्नी शिकागोकडील एका शाळेंत शिक्षिका होती, ती नोकरी सोडून पतीबरोबर आली.

पहिला धक्का बसतो तो घराच्या दारांतच. भाड्यानें घेतलेल्या घरांत पुष्कळदां स्वयंपाकघर म्हणजे चार रित्या भिंती असतात. मागला भाडेकरू ओटा, कपाटें, भांडीं घासण्याचें बेसिन, इतकेंच काय, दिवेसुद्धां आपल्या मालकीचे म्हणून काढून नेतो! छताला लोंबणाऱ्या तारा पाहून या दोघांना वाटतें कीं घर अपुरें आहे. घरमालकाला वाटतें कीं तें अगदीं व्यवस्थित आहे.

घर मिळालें कीं दोन आठवड्यांच्या आंत सरकारी कचेरींत जाऊन आपला पत्ता नोंदवावा लागतो. घरमालकाचा दाखला जवळ असावा लागतो, आणि या नोंदणीच्या कागदावांचून पुढील बहुतेक कामें अडतात. त्याच वेळीं धर्माचीही चौकशी होते. अमेरिकन मनुष्याला याचें नवल वाटतें. त्याच्या देशांत सरकार हा प्रश्न विचारीत नाहीं. सहज म्हणून तो 'कॅथलिक' असें लिहून देतो, आणि पहिल्या पगाराच्या कागदावर पाहतो तों प्राप्तीकराच्या शेंकडा ८ इतकी आणखी एक रक्कम चर्चसाठीं कापलेली! तेथें चर्चचा कर सरकारच वसूल करून देतें. तो टाळावयाचा तर कचेरींत जाऊन आपण चर्च सोडलें असें रीतसर लिहून द्यावें लागतें. श्रद्धेचा प्रश्न असा रुपये-आण्यांत उभा राहील, हें त्यांच्या स्वप्नींही नसतें.

यानंतर येतो रविवार. अमेरिकेंत रविवार हा बाजारहाटाचा दिवस. जर्मनींत त्या दिवशीं दुकानें बंद. रेल्वेस्थानकांतील कांहीं दुकानें, पेट्रोलचे पंप आणि कांहीं तास बेकरी एवढेंच काय तें उघडें. ही केवळ रूढि नव्हे. १९१९ च्या वायमार घटनेनें रविवारच्या विश्रांतीला संरक्षण दिलें आणि १९४९ च्या घटनेनें तें कलम जसेंच्या तसें पुढें चालविलें. विश्रांतीबरोबर शांतताही आली. रविवारीं भिंतीला भोंक पाडावयाचें नाहीं, गवत कापण्याचें यंत्र चालवावयाचें नाहीं. रिकाम्या कांचेच्या बाटल्या सार्वजनिक पेटींत टाकण्यासही मनाई, कारण त्यांचा खळखळाट होतो. रात्रीं दहानंतरही हाच दंडक.

बाटल्यांवरून आठवलें. पाण्याची प्लास्टिकची बाटली विकत घेतांना २५ सेंट अनामत भरावी लागते. बाटली दुकानांतील यंत्रांत परत टाकली कीं तेवढी रक्कम परत मिळते. कचऱ्याचेंही असेंच शास्त्र आहे. कागद एका डब्यांत, भाजीपाल्याचीं सालें दुसऱ्यांत, वेष्टणें तिसऱ्यांत, आणि कांच तर पांढरी, तपकिरी व हिरवी अशी रंगवार निवडावयाची. स्टुटगार्टच्या बाजूला 'केअरवोखे' म्हणजे झाडलोटीचा आठवडा म्हणून एक प्रथा आहे. ज्याची पाळी त्याच्या दारावर तशी पाटी लटकते आणि त्यानें सामाईक जिना पुसून काढावयाचा. पाळी चुकली तर शेजारची वृद्ध बाई शांतपणें पण स्पष्ट शब्दांत तें सांगते. आरंभीं या दोघांना हा आपला अपमान वाटतो. पुढें हळूहळू उमजतें कीं जिना सर्वांचा आहे, म्हणूनच बोलण्याचा अधिकारही सर्वांचा आहे. 'मला माझ्या घरीं एकटें सोडा' ही अमेरिकन स्वातंत्र्याची कल्पना. 'सर्वांनीं नियम पाळावे, म्हणजे कोणालाच उपद्रव होणार नाहीं' ही जर्मन कल्पना.

भाषेच्या बाबतींत मात्र मराठी माणसाला या दांपत्याची कींव येईल! इंग्रजीला राजा आणि रंक यांना एकच सर्वनाम पुरतें. जर्मनमध्यें 'दू' आणि 'झी' असा भेद आहे. आपला 'तूं' आणि 'आपण' हाच तो. कोणाला केव्हां 'दू' म्हणावें हें अमेरिकन माणसाला पाठ करावें लागतें, आपणांस तें आईच्या मांडीवर समजतें. तसेंच तीन लिंगांचें. मुलीला जर्मन भाषा नपुंसकलिंगी शब्द वापरते याचें अमेरिकनाला हसूं येतें. पण 'तें पोर' म्हणणाऱ्या आपणांस त्यांत विशेष तें काय वाटणार?

भाषेचा खरा भार पत्नीवर पडतो. पतीच्या कारखान्यांत इंग्रजीवर निभावतें; तिला घरमालक, टपालवाला, औषधांचें दुकान यांना एकटीनें तोंड द्यावें लागतें. सरकारनें परकीयांसाठीं वर्ग काढले आहेत. सर्वसाधारण क्रमांत ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची माहिती शिकवितात. परंतु तिची शिक्षिकेची पात्रता जर्मनींत आपोआप चालत नाहीं. शिक्षण हा तेथें प्रत्येक घटक राज्याचा विषय. परदेशचीं प्रमाणपत्रें तपासून मान्य व्हावीं लागतात आणि जर्मन भाषा उत्तम यावी लागते. मीं जन्मभर शिक्षकी केली, म्हणून या बाईंचें दुःख मला विशेष जाणवतें. काल जिच्या शब्दाला तीस मुलें उठत-बसत होतीं, ती आज पहिल्या बाकावर बसून 'माझें नांव अमुक' असें अडखळत म्हणते. घरीं अबोला वाढतो, तो पतीच्या दोषामुळें नव्हे. एकाला काम मिळालें आणि दुसऱ्याचें काम गेलें, यामुळें. परदेशांतील कित्येक संसारांची खरी परीक्षा येथें होते.

आणि मग एखादे दिवशीं तिलाच दुखणें येतें. अमेरिकेंत अशा वेळीं पहिला विचार खर्चाचा येतो. येथें ती विम्याचें कार्ड दाखविते आणि उपचार सुरू होतात. बिस्मार्कनें १८८३ सालीं कामगारांसाठीं आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, त्याचें हें फळ. वेतनाच्या शेंकडा १४.६ हा मूळ हप्ता. वर प्रत्येक विमासंस्थेची थोडी अधिक आकारणी. अर्धा भार मालकाचा, अर्धा कामगाराचा. आणि मिळकत नसलेल्या पत्नीसाठीं निराळा हप्ता नाहीं. कामगार स्वतः आजारी पडला तर सहा आठवडे मालक पूर्ण वेतन देतो. वार्षिक पगारी रजाही कायद्यानें किमान चार आठवड्यांची. अमेरिकेंत असा देशव्यापी कायदाच नाहीं. पगारांतून एवढी रक्कम कां जाते म्हणून कुरकुरणारा पति त्या दिवसापासून कुरकुरत नाहीं.

तरीही मायदेश सुटत नाहीं. अमेरिकेचा कायदा नागरिकाच्या मागें जगभर फिरतो. कर जर्मनींत भरला तरी उत्पन्नाचें विवरण दर वर्षीं अमेरिकेलाही पाठवावें लागतें. दुहेरी कर बसूं नये म्हणून दोन देशांत करार आहे, पण कागद चुकत नाहींत. नोव्हेंबरांतील चौथ्या गुरुवारीं अमेरिकेंत घरोघर आभारप्रदर्शनाचें जेवण असतें. जर्मनींत तो कामाचा दिवस. म्हणून हीं दोघें तो सण शनिवारीं करतात आणि जिन्यावरच्या त्या वृद्ध बाईंना जेवावयास बोलावतात. शिकागो सात तास मागें आहे. येथें रात्रीचे नऊ वाजतात तेव्हां तेथें दुपारचे दोन. आईची प्रकृति बिघडली तर तो निरोप बहुधा मध्यरात्रीं येतो, आणि मधला महासागर तेवढ्याच वेळीं खरा दिसतो.

राहावें कीं परतावें? पूर्वीं जर्मन नागरिक व्हावयाचें तर सामान्यतः जुनें नागरिकत्व टाकावें लागे. जून २०२४ पासून ती अट गेली. पांच वर्षांच्या वास्तव्यानंतर, इतर अटी पुऱ्या केल्यास, दोन्हीं नागरिकत्वें ठेवतां येतात. कायद्यानें त्यांचा प्रश्न सोपा केला. सोडविला मात्र नाहीं. आई कोणी सांभाळावी, बाईंनीं पुन्हां वर्गांत केव्हां उभें राहावें, याचें उत्तर त्या दोघांनाच द्यावयाचें आहे.

श्रोतेहो, आपल्याही कित्येक घरांतील मुलें-सुना आज परदेशीं आहेत. त्यांचें पत्र किंवा फोन आला म्हणजे आपण पगार विचारतों, हवा विचारतों. यापुढें एवढेंही विचारावें, कीं सूनबाई, दिवसभर तूं कोणाशीं बोलतेस? कदाचित् तोच प्रश्न कोणी आपणांस विचारावा म्हणून ती वाट पाहत असेल.