कच्ची कॅप, पक्की कॅप : मधले पंधरा दिवस सांभाळा

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता काळ बदलला आहे. चणेही आहेत आणि किडलेला दात वाचवण्याचे उपायही आहेत. तरीही आपल्या जिल्ह्यात वाचू शकणाऱ्या कितीतरी दाढा दरवर्षी काढाव्या लागतात. त्यांतल्या काही अगदी शेवटच्या पायरीवर हातच्या जातात. रूट कॅनल झालेले असते, दात घासून तयार झालेला असतो, त्यावर तात्पुरती कॅप बसलेली असते आणि रुग्ण पुन्हा दवाखान्यात येतच नाही! या आठवड्यात वाचकांशी या तात्पुरत्या, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘कच्च्या’ कॅपविषयी बोलायचे आहे.

कॅप कशासाठी?

कीड खोलवर जाऊन दाताच्या नसेपर्यंत पोचली की रूट कॅनल करावे लागते. त्यात आतली खराब नस काढून ती पोकळी स्वच्छ करतात आणि भरून बंद करतात. दुखणे थांबते, पण दात आतून पोखरलेला असतो. किडीने काही भाग खाल्लेला असतो, उपचारासाठी वरून भोक पाडलेले असते. उरतात त्या बाजूच्या पातळ भिंती. आपल्याकडे बाजरीची कडक भाकरी, शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, ऊस असे सगळे रोज दाढेखाली येते. त्या जोराने ही भिंत एक दिवस उभी तडकते. चीर मुळात उतरली, की दाढ काढण्यावाचून सहसा गत्यंतर नसते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते तशी दाताला कॅप. ती दाताला सगळीकडून आवळून धरते.

‘चांगला दात घासता कशाला?’

हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतो. उत्तर सोपे आहे. दातावर कॅप चढवायची तर तिच्या जाडीइतकी जागा करावी लागते. जागा न करता कॅप चढवली तर तो दात बाकीच्यांपेक्षा उंच होईल आणि तोंड मिटल्यावर सगळा भार त्याच्यावरच येईल. साधारणपणे वरच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर आणि भोवतालून एक ते दीड मिलिमीटर भाग कमी करतात. पूर्ण धातूची कॅप असेल तर याहून कमी घासून भागते.

घासलेल्या दाताचा आकारही महत्त्वाचा असतो. स्टीलचा पेला पालथा ठेवला तर वर किंचित निमुळता दिसतो, तसा दात करावा लागतो. एका पेल्यावर दुसरा पेला जसा घट्ट बसतो, तशी कॅप बसली पाहिजे. दात मोदकासारखा फार निमुळता झाला तर कॅप घसरून निघते. मधे कुठे आतल्या बाजूला खाच राहिली तर ती नीट खाली बसत नाही. म्हणून हे काम घाईचे नाही. त्यासाठी डॉक्टरांनी पाऊण तास घेतला तर कुरकुर करू नये!

दात घासायच्या मशीनची भीती पुष्कळांना वाटते. ती जुन्या आठवणींतून आलेली आहे. पूर्वी पायाने किंवा पट्ट्याने फिरणारी यंत्रे होती. ती संथ चालत आणि दात हादरत असे. अमेरिकेत 1957 साली हवेच्या दाबावर फिरणारे अतिवेगवान यंत्र बाजारात आले. ते मिनिटाला लाखो फेरे घेते आणि त्यातून पाण्याचा फवारा सतत उडत असतो. पाणी नसेल तर घर्षणाने दात तापून जिवंत नसेला इजा होऊ शकते. लिग्नोकेन हे भुलीचे औषध 1943 साली स्वीडनमध्ये तयार झाले आणि 1948 पासून बाजारात मिळू लागले. नस जिवंत असलेला दात घासण्यापूर्वी त्याचेच इंजेक्शन देतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, गरोदरपण यांपैकी काही असेल तर इंजेक्शनपूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे. उपाशीपोटी खुर्चीत बसू नये.

कच्ची कॅप कशी तयार होते?

दात घासून झाला की हिरडीच्या कडेला बारीक दोरा ठेवून हिरडी थोडी बाजूला सारतात, म्हणजे कडेचे माप स्वच्छ येते. रबरासारख्या मसाल्यात वरच्या आणि खालच्या दातांचे माप घेतात. दातासारखी कॅप हवी असेल तर रंग शेजारच्या दातांशी जुळवून ठरवतात. हे साहित्य लॅबोरेटरीत जाते आणि पक्की कॅप तयार होऊन यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. अलीकडे काही शहरी दवाखान्यांत कॅमेऱ्याने माप घेऊन यंत्रावर त्याच दिवशी कॅप करून देतात. ती सोय सगळीकडे नाही.

मधल्या दिवसांसाठी डॉक्टर तिथल्या तिथे ॲक्रिलिक किंवा तत्सम पदार्थाची कॅप करतात. दात घासण्यापूर्वीच त्याचे एक माप घेऊन ठेवलेले असते. त्या साच्यात मऊ पदार्थ भरून तो घासलेल्या दातावर दाबतात. घट्ट होताना तो गरम होतो, म्हणून पूर्ण कडक होण्यापूर्वी काढून घेतात, कडा घासून गुळगुळीत करतात आणि मग हलक्या सिमेंटने चिकटवतात. या सिमेंटमध्ये बऱ्याचदा झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातला युजेनॉल हा घटक असतो. आजीबाईच्या बटव्यातली लवंग इथेही कामी येते! सिमेंट मुद्दामच कमी ताकदीचे वापरतात, कारण पुढच्या भेटीत ही कॅप काढायची असते.

तिची कामे कोणती?

पहिले काम झाकण्याचे. दाताचे वरचे कडक कवच घासले गेले की आतला थर उघडा पडतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो. नस जिवंत असेल तर थंड पाणी, गार हवा, गोड पदार्थ यांची कळ थेट आत पोचते. दुसरे काम जागा राखण्याचे. दात हाडात सिमेंटने रोवलेले नसतात. शेजारचा आधार सुटला की ते हळूहळू कलतात, समोरचा दात आधार शोधत खाली किंवा वर सरकतो. मग मापाबरहुकूम केलेली पक्की कॅपसुद्धा बसत नाही. तिसरे, हिरडी घासलेल्या कडेवर चढू नये हे पाहणे. आणि चौथे, पुढचा दात असेल तर चारचौघांत हसता यावे हेही काम लहान नाही.

कोयता आणि कॅप

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या सुमाराला हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, निघायचा दिवस ठरलेला असतो. अशाच एका कोयत्यातली तिशीची बाई हंगाम संपवून परतल्यावर माझ्याकडे आली होती. जाण्यापूर्वी दुसऱ्या एका गावी तिच्या दाढेचे रूट कॅनल झाले होते, दाढ घासून कच्ची कॅप बसवली होती. पक्की कॅप घ्यायला आठ दिवसांनी जायचे होते. पण ट्रक तिसऱ्या दिवशीच आला. थळात गेल्यावर पंधरवड्यात कॅप निघून पडली. दाढ दुखत नव्हती, म्हणून तिनेही लक्ष दिले नाही. पाच महिन्यांनी मी पाहिले तेव्हा शेजारची दाढ कलली होती, वरची दाढ खाली उतरली होती आणि घासलेल्या दाढेला हिरडीच्या खालपर्यंत चीर गेली होती. ती काढावी लागली. उपचाराला घातलेले पैसे गेले, दाढही गेली.

वाचकहो, ‘दुखत नव्हती’ हे शब्द नीट लक्षात घ्या. रूट कॅनल झालेल्या दाढेत नसच नसते. कॅप निघाली, कीड पुन्हा लागली, बारीक चीर गेली, तरी ती बऱ्याचदा ओरडत नाही. रानाचा राखणदार गेल्यावर चोर कधी आला ते कळत नाही, तसे हे. दुखणे थांबले म्हणजे काम झाले, हा समज म्हणूनच महागात पडतो.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका ऊसतोड कामगाराने पहिल्या भेटीतच सांगितले, ‘डॉक्टर, वीस दिवसांनी आम्हाला जायचंय, मग होळीपर्यंत येणं नाही.’ मग आम्ही दाढ घासलीच नाही. रूट कॅनल पूर्ण करून आत मजबूत भरण केले, चावताना भार कमी यावा म्हणून वरची टोके थोडी कमी केली आणि त्या बाजूने कडक काही चावू नका असे बजावले. हंगामानंतर तो आला, दाढ शाबूत होती, मग कॅप केली. दोघांच्या दाढा सारख्याच होत्या. फरक पडला तो एका वाक्याने. तेव्हा ऊसतोड असो, पंढरीची वारी असो, परीक्षा असो की लेकीचे लग्न असो, परत कधी येता येईल हे दात घासण्याआधी डॉक्टरांना सांगा. सांगायला पैसे पडत नाहीत.

घरी घ्यायची काळजी

इंजेक्शनचा बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तो उतरेपर्यंत काही खाऊ नये. नाहीतर गाल किंवा ओठ चावला जातो आणि कळतही नाही. लहान मुलांकडे विशेष लक्ष द्यावे. पुढे पक्की कॅप बसेपर्यंत दुसऱ्या बाजूने चावावे. चिक्की, तिळगूळ, चॉकलेट, चिंगम असे चिकट पदार्थ आणि सुपारी, फुटाणे, ऊस असे कडक पदार्थ टाळावेत. हळदीने ॲक्रिलिक पिवळे पडते. त्याने घाबरू नये, पक्क्या कॅपचा रंग वेगळा असतो. ब्रश रोज दोन वेळा हलक्या हाताने करावा. मिश्री आणि तंबाखू हिरडीला घातक, त्या या निमित्ताने कायमच्या सुटल्या तर उत्तमच! दातांमध्ये दोरा फिरवत असाल तर तो वर न ओढता बाजूने काढून घ्यावा.

तोंड मिटताना नवी कॅप आधी लागते असे वाटले तर ‘होईल सवय’ म्हणून थांबू नये. दोन मिनिटांत ती घासून बरोबर करता येते. न केल्यास दात ठणकतो, जबडाही दुखतो.

कॅप निघाली तर?

पहिली गोष्ट, ती फेकू नका. धुऊन डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत दवाखाना गाठा. बहुतेक वेळा तीच पुन्हा बसवता येते. फेविक्विकसारखा घरगुती गोंद मुळीच लावू नये. त्याने हिरडी आणि दात दोघांचे नुकसान होते आणि कॅप वाकडी बसते. चुकून गिळली गेली तर बहुधा शौचावाटे निघून जाते, तरी डॉक्टरांना कळवावे. मात्र ठसका लागून खोकला थांबेना किंवा श्वास अडू लागला तर कॅप श्वासनलिकेत गेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी एक मिनिटही न दवडता रुग्णालयात जावे. कॅप जागेवर असूनही सूज, ताप किंवा ठणका आला तरी थांबू नये.

नेहमीचे दोन प्रश्न

‘कच्चीच छान बसली आहे, तीच ठेवली तर?’ नाही. तिचे सिमेंट हळूहळू विरघळते, कडेने लाळ आणि अन्नाचे कण आत शिरतात आणि आत कीड सुरू होते. वरून सगळे ठीक दिसते. काही कारणाने महिनाभर उशीर होणारच असेल तर डॉक्टरांना सांगून ती तपासून नव्याने चिकटवून घ्यावी.

‘बाजारात एकजण तासाभरात पक्का दात बसवून देतो, मग तुमच्या एवढ्या फेऱ्या कशाला?’ आठवडे बाजारात रस्त्याकडेला बसणारे लोक असेच ॲक्रिलिक शेजारच्या दातांना लेपून टाकतात. ते काढता येत नाही, स्वच्छ करता येत नाही आणि धडधाकट दातही हलू लागतात. दंतवैद्य म्हणून कायदेशीर नोंदणी असलेल्याकडेच उपचार घ्यावेत.

खर्चाची अडचण असते, हे मी जाणतो. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 साली सुरू झाले. आपल्या जिल्ह्यात लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय निघायला 1990 साल उजाडले. संगमनेरजवळ घुलेवाडीलाही दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त पडतात, पण खर्च सहसा कमी येतो. कुठेही गेलात तरी रूट कॅनल, कच्ची कॅप आणि पक्की कॅप या तिन्हींचा मिळून खर्च आणि एकूण फेऱ्या आधीच विचारून घ्या. निम्म्यावर पैसे संपले म्हणून दात घासून सोडून देण्यापेक्षा, पैशांची जुळणी होईपर्यंत दात न घासता भरण करून थांबणे केव्हाही चांगले.

आज घरी कोणाच्या दाढेवर कच्ची कॅप असेल तर पुढची तारीख कोणती, एवढे त्यांना विचारा. ती टळून गेली असेल तर उद्याच दवाखान्यात पाठवा. दाढ दुखत नसली तरीही!