बिनतारी निरोप आणि विजेची काटकसर

जुलै 2017 मध्यें ब्रह्मपुरीच्या परिसरांत पकडलेली एक वाघीण आमच्या वर्धा जिल्ह्यांतील बोर व्याघ्रप्रकल्पांत सोडण्यांत आली. तिच्या गळ्यांतील बिनतारी पट्ट्यामुळें तिचा ठावठिकाणा वनखात्यास कळत असे. परंतु ती तेथें स्थिरावली नाहीं. शेतांशिवारांतून दूरवर भटकली, माणसांचे बळी गेले, आणि ऑक्टोबर 2017 मध्यें सिंदीविहिरी गांवाजवळ विजेच्या कुंपणाचा धक्का बसून तिचाहि अंत झाला.

अशा पट्ट्याच्या निरोपाचें मोल वेळेवर ठरतें. ‘वाघीण अमुक शिवारांत आहे’ हें पहांटे कळलें, तर निंदणास निघालेल्या बाया घरींच थांबतील. दुपारीं कळून काय उपयोग? पण प्रत्येक निरोपास वीज खर्च होते. जनावरास भार होऊं नये म्हणून पट्ट्यांतील बॅटरी लहानच ठेवावी लागते, आणि ती बदलावयाची तर त्यास पुन्हां बेशुद्ध करावें लागतें. मग वेळ आणि वीज या दोहोंचा मेळ कसा घालावा?

पहिला उपाय असा कीं, निकडीप्रमाणें बोलावें. वाघ खोल वनांत असतां दिवसांतून थोडे निरोप पुरतात; गांवाची सीमा ओलांडतांच ते वारंवार यावे. कांहीं पट्ट्यांत अशी सोय असते.

दुसरा उपाय संथपणाचा. वर्धेहून सेवाग्रामास सायकलीनें सावकाश जाणारा थकत नाहीं. तेंच अंतर निम्म्या वेळांत तोडूं पाहणाऱ्यास धाप लागते. बिनतारी यंत्राचेंहि तसेंच आहे. तींच अक्षरें निम्म्या वेळांत पाठवावयाचीं, तर लहरींचा जोर दुपटीहूनहि अधिक लागतो. म्हणून हातीं वेळ असेल तर निरोप संथ धाडावा. मात्र यंत्र जागें असेपर्यंत स्वतःहि वीज खातें. तेव्हां अति संथपणाहि परवडत नाहीं.

तिसरा उपाय वाट पाहण्याचा. दाट झाडींत किंवा दरींत लहरी क्षीण होतात. जनावर उघड्यावर येईतों थांबल्यास थोड्या विजेंत काम होतें. अवकाळी पावसानें काळ्या मातीची वाट चिखलानें भरली, तर आमचा शेतकरी हिंगणघाटच्या बाजारास निघालेली कापसाची गाडी थांबवितो. पण सौद्याचा दिवस उद्यांवर येऊन ठेपला, कीं तोच दुसरी बैलजोडी जुंपून चिखलांतून गाडी काढतो. यंत्रासहि हाच नियम शिकवावा लागतो: मुदत दूर असतां धीर धरावा, ती जवळ येतांच वाट बिकट असली तरी जोर लावावा.

विद्यार्थिमित्रहो, काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. निरोप वेळ टळल्यावर पोंचला, तर वांचविलेली वीज कवडीमोलाची. पट्ट्यानें दहा वेळां मौन राखावें तें अकराव्या वेळीं, गांव जागें करण्यासाठीं, त्याच्यापाशीं पुरेशी वीज उरावी म्हणून.