हाडांतील कॅल्शियमचा जमाखर्च

- शिल्लक : प्रौढ शरीरात सुमारे 1 किलो कॅल्शियम असते, पैकी 99 टक्के अस्थी व दंत यांच्या खजिन्यात जमा असून, रक्तातील प्रमाण दर 100 मिलिलिटरला साधारणतः 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम एवढ्याच मर्यादेत राखले जाते.
- पॅराथायरॉइड संप्रेरक : हे प्रमाण घटताच मानेतील, बहुधा चार असलेल्या, ग्रंथींच्या पेशींवरील कॅल्शियम-संवेदी ग्राहके ती घट टिपतात व संप्रेरक स्रवते, त्याच्या हुकमाने अस्थिकारक पेशी ‘रँकल’ हे प्रथिन वाढवतात, ज्याच्या संदेशामुळे अस्थिभक्षक पेशी हाड विरघळवून कॅल्शियम रक्तात सोडतात.
- ड जीवनसत्त्व : उन्हाने त्वचेत बनते, यकृत व मूत्रपिंड यांत सक्रिय होऊन आतड्यातील शोषण वाढवते.
- कॅल्सिटोनिन : थायरॉइडमधून स्रवते, अस्थिभक्षक पेशींना आवरते. मानवात प्रभाव अल्प.
- इस्ट्रोजेन : हाडांची झीज रोखते, रजोनिवृत्तीनंतर ते घटते व झीज वाढते.
- आहार : प्रौढांसाठी भारतीय शिफारस (2020) : दररोज 1000 मिलिग्रॅम. बाजरी 100 ग्रॅम घेतली, तर तीत 50 मिलिग्रॅमहून कमी, आणि तितक्याच नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते.